सशाविना ससा, बदकाविना बदक

नाव सशाचे आणि ताटात चीज, असा एक पदार्थ आहे. इंग्लंडला लागून वेल्स हा डोंगराळ मुलूख. तिथल्या चीज-टोस्टला इंग्रजांनी ‘वेल्श रॅबिट’ म्हटले. १७२५ पासून हे नाव लिखित सापडते. या गरीब माणसाला मांस कुठले परवडणार, त्याचा ससा म्हणजे चीजच, असा त्यातला टोमणा असावा, असे जाणकार सांगतात. पुढे १७८५ च्या सुमारास कुणीतरी ‘रॅबिट’चे ‘रेअरबिट’ केले. नाव सभ्य झाले, पदार्थ तोच राहिला.

टोमणा त्याहून जुना आहे. १५२६ मध्ये छापलेल्या एका इंग्रजी विनोदसंग्रहात अशी गोष्ट येते : स्वर्गात वेल्श लोकांची बडबड फार झाली. तेव्हा सेंट पीटर बाहेर जाऊन ओरडला, ‘भाजलेले चीज!’ सगळे धावत बाहेर आले आणि त्याने आतून दार लावून घेतले. भुकेची अशी थट्टा करायला पोट भरलेलेच असावे लागते.

आपल्याकडेही हेच घडले. कोळीवाड्यातला बोंबील साहेबांच्या तोंडी ‘बॉम्बे डक’ झाला. त्यात बदकाचे पीसही नाही! रेल्वेच्या ‘डाक’गाडीतून त्याचा वास यायचा म्हणून हे नाव पडले, असे सांगतात. पण आपली पहिली प्रवासी रेल्वे धावली १८५३ मध्ये आणि हे नाव त्याआधीच छापून आले होते. पावाचेही तसेच. पोर्तुगिजांकडून शब्द आला, पाव आला. विहिरीत पावाचा तुकडा पडला की गाव बाटले, अशा गोष्टीही त्याच्यामागून आल्या. आज वडापावाशिवाय महाराष्ट्राचे पान हलत नाही.

आमच्या पुंडलिकनगरातल्या स्वयंपाकघरात हा वेल्श पाहुणा सहज रुळतो. पुष्कळ कृतींत बिअर असते. आम्ही दूध घालतो. चमचाभर लोण्यात चमचाभर मैदा परतावा, अर्धी वाटी दूध हळूहळू घालून गुठळ्या मोडाव्यात. मग वाटीभर किसलेले चीज, चिमूटभर मोहरीची पूड आणि मिरपूड. आच मंदच ठेवावी. ती वाढली की चीज फुटून तूप वेगळे होते. पाव एका बाजूने तव्यावर भाजावा, भाजलेल्या बाजूवर हे मिश्रण थापावे आणि झाकण ठेवून खालची बाजू खरपूस होऊ द्यावी.

वेल्श लोक आपल्या भाषेत याला ‘कौस पोबी’ म्हणतात. अर्थ अगदी साधा : भाजलेले चीज. त्यात ना ससा, ना टोमणा. कोळीण बाजारात ‘बोंबील घ्या’ अशीच हाक देते, ‘बदक घ्या’ असे म्हणत नाही. दुसऱ्याने चिकटवलेले नाव कोशात राहते. चुलीपाशी मात्र रांधणाऱ्याचाच शब्द चालतो.