अनामिक पत्रापासून कादंबरीपर्यंत

गोव्याच्या उत्तर सीमेवर पेडणे वसले आहे. तेरेखोल नदी ओलांडली की सिंधुदुर्ग जिल्हा लागतो. १७८८ साली हा महाल सावंतवाडीकरांकडून पोर्तुगिजांकडे गेला आणि १९६१ पर्यंत त्यांच्याच अमलाखाली राहिला. तथापि येथील कीर्तन, पोथी आणि नाटक यांची भाषा मराठीच राहिली. जत्रेच्या रात्री देवळापुढे दशावतार उभा राहतो. लुगडे नेसलेला पुरुष नट राणीचा विलाप करतो आणि प्रेक्षक पहाटेपर्यंत डोळे टिपत बसतात. ती निखळ कला होय. त्या नटाच्या खासगी जीवनाशी तिचा संबंध लावण्याचे कारण नाही. परंतु ज्या समाजाने हे वेषांतर इतक्या सहजपणे आपलेसे केले, त्याच्या छापील वाङ्मयात पुरुषाचे पुरुषावरील किंवा स्त्रीचे स्त्रीवरील प्रेम शोधू जाणाऱ्या वाचकाच्या हाती दीर्घकाळ फारसे काही लागत नव्हते.

मराठीत हा विषय प्रथम ठळकपणे पुढे आला तो कथेच्या रूपाने नव्हे, तर प्रश्नाच्या रूपाने. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केले. जे प्रश्न घरी विचारता येत नसत, ते वाचक तेथे पत्रातून विचारीत आणि कर्वे त्यांना रोखठोक उत्तरे देत. अशाच काही उत्तरांवरून १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. समलिंगी आकर्षण हा त्यांतील एक विषय होता. डॉ. भीमराव आंबेडकर यांनी कर्व्यांचे वकीलपत्र घेतले. लैंगिक विषयांवरचे लेखन केवळ विषयामुळे अश्लील ठरत नाही, ही त्यांची भूमिका न्यायालयाला पटली नाही आणि कर्व्यांना २०० रुपये दंड झाला. शास्त्रीय उत्तराचीच जेथे ही गत, तेथे कथा-कादंबरीकाराची लेखणी अडखळली, यात नवल ते काय!

पुढे १९८१ साली विजय तेंडुलकरांचे ‘मित्राची गोष्ट’ रंगभूमीवर आले. कॉलेजच्या नाटकात सुमित्रा पुरुषाची भूमिका करते आणि तिच्यासमोर नायिका झालेल्या मुलीच्या प्रेमात पडते. दशावतारी नट पहाटे रंग पुसून मोकळा होतो. मित्राला तसे मोकळे होता येत नाही, कारण रंगमंचावर तिला स्वतःच्याच मनाची ओळख पटलेली असते. नाटककाराने तिची थट्टा केली नाही. तरी तिची गोष्ट सांगतो तो बापू, तिचा मित्र; आणि त्या गोष्टीचा शेवट होतो तिच्या मृत्यूने. तसेच मन असलेल्या एखाद्या तरुण वाचकाला या नाटकात स्वतःचे प्रतिबिंब दिसले असेल, पण पुढे जगावे कसे, याचे उत्तर तेथे नव्हते.

हे चित्र पालटले ते आत्मनिवेदनाने. पुण्यात २००२ साली समपथिक ट्रस्ट स्थापन करणारे बिंदुमाधव खिरे यांनी ‘पार्टनर’ ही कादंबरी लिहिली. २००६ साली मौज प्रकाशनाने सचिन कुंडलकरांची ‘कोबाल्ट ब्लू’ प्रसिद्ध केली. एका मध्यमवर्गीय घरात भाडेकरू म्हणून आलेल्या तरुणावर तनय आणि त्याची बहीण अनुजा दोघेही, एकमेकांच्या नकळत, प्रेम करतात. तनयचे निवेदन निघून गेलेल्या त्या तरुणालाच उद्देशून आहे. त्यात समर्थन नाही, क्षमायाचना नाही. आहे तो केवळ विरह. भावाचे आणि बहिणीचे दुःख लेखकाने शेजारी शेजारी ठेवले आणि त्यांत उच्चनीच मानले नाही. कलम ३७७ खाली असे संबंध तेव्हा गुन्हाच होते. प्रौढांच्या संमतीच्या संबंधांना सर्वोच्च न्यायालयाने त्यातून मुक्त केले ते ६ सप्टेंबर २०१८ रोजी. म्हणजे न्यायालयाच्या आधी बारा वर्षे मराठी कादंबरीने आपला निवाडा दिला होता.

मोठ्या शहरात समदुःखी माणसे भेटू शकतात. पेडण्यासारख्या गावी, जेथे प्रत्येक घर दुसऱ्याला ओळखते, तेथे मनातील गोष्ट जिभेवर आणणे कठीण असते. तेथे ग्रंथ हाच पहिला सोबती ठरतो. आणि हा सोबती परक्या भाषेत नव्हे, तर आजीने जिच्यात ओव्या म्हटल्या त्या भाषेत बोलू लागला, की आपण या घराबाहेरचे नाही, हा विश्वास वाचकाला येतो. १९३४ सालच्या त्या पत्रलेखकांना उत्तर मिळाले होते. सोबत मिळण्यास मात्र सत्तर वर्षे जावी लागली.