पानदानाचा खर्च आणि घरातला शब्द

वर्गात मुलांना मी एक शब्द आवर्जून दाखवते. उर्दूत 'वादा', मराठीत 'वायदा'. मूळ एकच, अरबी. उर्दूत या शब्दाची इज्जत अजून शाबूत आहे. मराठीत मात्र 'तो नुसते वायदे करतो' म्हटलं की समोरचा पैसे द्यायला टाळाटाळ करतोय, हे ऐकणाऱ्याला लगेच कळतं. एकाच शब्दाची ही दोन नशिबं मला गेल्या वर्षी घरातच बघायला मिळाली.

माझ्या वडिलांची चुलत बहीण, म्हणजे माझी फुफी. तिने वडिलोपार्जित जमिनीतला आपला हिस्सा हक्कसोड पत्रावर सही करून भावाला दिला. त्या वेळी भाऊ म्हणाला होता, 'दर महिन्याला तुझ्या खात्यात काही तरी टाकत जाईन, ईदचे कपडे माझ्याकडून.' दोन वर्षं पैसे आले. मग थांबले. फुफीने मला विचारलं, 'बेटा, तू शिकलेली आहेस. घरातल्या असल्या शब्दाला कोर्टात काही किंमत असते का?'

मी वकील नाही, मास्तरीण आहे. पण या प्रश्नाचा माग काढताना एका जुन्या खटल्याशी येऊन थांबले. तो आपल्यातल्या प्रत्येकाला माहीत असायला हवा, असं मला वाटतं.

गोष्ट उत्तर हिंदुस्थानातल्या एका बड्या मुस्लिम घराण्यातली. २५ ऑक्टोबर १८७७ रोजी ख्वाजा मुहम्मद खान यांनी एक करारनामा लिहून दिला. त्यांचा मुलगा रुस्तम अली खान आणि हुसैनी बेगम यांचं लग्न ठरलं होतं. मुलगा-मुलगी दोघंही अल्पवयीन, म्हणून करार झाला तो दोघांच्या बापांमध्ये. सून नांदायला आली की तिला दरमहा ५०० रुपये 'खर्च-ए-पानदान' म्हणून कायम द्यायचे, असं सासऱ्याने कबूल केलं आणि त्यासाठी आपल्या काही स्थावर मिळकतींवर बोजाही ठेवला. आठवड्याभरात निकाह झाला.

पानदानाचा खर्च म्हणजे नुसता पान-सुपारी, कात-चुन्याचा खर्च नव्हे. त्या तहजिबीत घरंदाज बाईच्या हातखर्चाला दिलेलं हे नाव होतं. आपल्याकडे लेकीबाळींना चोळीबांगडीसाठी जमीन किंवा उत्पन्न तोडून द्यायची रीत होती, तिची आठवण व्हावी असंच. ही रक्कम मेहरपेक्षा वेगळी. ती कशावर खर्च करायची, हे बाईने ठरवायचं; नवऱ्याला त्यात बोलायचा हक्क नाही.

१८८३ मध्ये हुसैनी बेगम नांदायला गेल्या. १८९६ मध्ये नवरा-बायकोत बिनसलं, त्यांनी घर सोडलं आणि त्या मुख्यतः मुरादाबादला राहू लागल्या. पुढे त्यांनी थकलेल्या १५,००० रुपयांसाठी थेट सासऱ्यावर दावा लावला. त्या काळातली एक पडदानशीन बाई, आणि समोर सासरा!

सासऱ्याचे मुद्दे दोन. एक, सून घर सोडून गेली, मग पानदान कसलं? दोन, करार दोन बापांमधला, त्यात सून कुठे आहे? जो करारात पक्षकार नाही, त्याला त्या करारावरून दावा लावता येत नाही.

दुसरा मुद्दा हवेतला नव्हता. इंग्लंडमध्ये १८६१ साली नेमका असाच निकाल लागला होता. ट्वेडल नावाच्या तरुणाच्या लग्नानंतर त्याच्या बापाने आणि सासऱ्याने आपसात लेखी करार केला: सासऱ्याने त्याला २०० पौंड द्यायचे, बापाने १००. रक्कम न मिळाल्यास मुलाला दावा लावता येईल, हेही त्यात लिहिलेलं होतं. सासरा पैसे न देताच वारला. मुलगा कोर्टात गेला आणि हरला. कोर्ट म्हणालं, करारात मोबदला तू दिलेला नाहीस, तेव्हा दावाही तुझा नाही.

हुसैनी बेगमचा दावा खालच्या कोर्टाने फेटाळला, अलाहाबाद हायकोर्टाने मंजूर केला. सासरे लंडनला प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेले. तिथे १९१० मध्ये निकाल सांगणारे न्यायाधीश होते सय्यद अमीर अली. कलकत्ता हायकोर्टातून निवृत्त झालेले, इस्लामच्या इतिहासावर आणि शरियतवर ग्रंथ लिहिणारे, आणि १९०९ मध्ये प्रिव्ही कौन्सिलच्या न्यायिक समितीवर नेमले गेलेले पहिले हिंदुस्थानी.

अमीर अलींच्या निकालाचा आशय सरळ आहे. इंग्लंडमधला तो नियम इथे लागू होणार नाही. या देशात अल्पवयीन मुलामुलींची लग्नं आईबाप ठरवतात, व्यवहार तेच करतात. अशा समाजात लग्नाच्या बोलीतले करार 'तू पक्षकार नाहीस' म्हणून मोडीत काढले, तर घोर अन्याय होईल. हा करार सुनेच्या भल्यासाठी झाला, मिळकतीवर बोजा तिच्यासाठी ठेवला, म्हणून दावा लावायचा हक्क तिचाच. राहिला घर सोडल्याचा मुद्दा. करारात तशी अट नाही. अट एकच होती, लग्नाची. ती पुरी झाली आहे. अपील फेटाळलं गेलं.

आजही कायद्याच्या विद्यार्थ्याला हा खटला शिकावाच लागतो. करारात नसलेल्याला दावा लावता येत नाही, हा नियम भारतात आहेच. पण लग्नाच्या बोली आणि कौटुंबिक व्यवस्था यांचा त्याला अपवाद आहे. त्या अपवादाच्या मुळाशी एका सुनेचं पानदान आहे.

म्हणजे घरातला प्रत्येक शब्द कोर्टात चालतो का? नाही. १९१९ मध्ये इंग्लंडच्या अपील कोर्टाने बाल्फोर खटल्यात उलटा निकाल दिला. नवरा सिलोनला नोकरीवर परत निघाला, बायको आजारपणामुळे मागे राहिली. 'दरमहा ३० पौंड पाठवीन' असं तो म्हणाला होता. पुढे फाटलं, ती कोर्टात गेली. कोर्टाने सांगितलं, नवरा-बायकोतलं असं घरगुती बोलणं कायद्याने बांधून घेण्याच्या हेतूने झालेलं नसतं.

आपला १८७२ चा करार कायदाही मोबदला मागतो. कलम २५ मध्ये जवळच्या नात्याला सवलत आहे: वचन लेखी असावं, नोंदणीकृत असावं आणि नैसर्गिक प्रेम-मायेपोटी दिलेलं असावं. तरी तेवढ्याने भागेलच असं नाही. १९०० च्या सुमारास कलकत्त्यात राजलखी देवी नावाच्या बाईकडे नवऱ्याचा नोंदणीकृत कागद होता. पण त्याच कागदात दोघांच्या भांडणांचा उल्लेख होता. कोर्ट म्हणालं, इथे माया कुठे दिसते? आणि बाई हरली.

शरियतमध्येही 'हिबा', म्हणजे बक्षीस, पुरा व्हायला देणाऱ्याची घोषणा, घेणाऱ्याचा स्वीकार आणि प्रत्यक्ष ताबा, अशा तिन्ही गोष्टी लागतात. 'पुढे देईन' म्हणणं हा हिबा नाही. आणि उधारीचा व्यवहार लिहून ठेवा, साक्षीदार घ्या, हे सांगणारी सूरह बकराची २८२ वी आयत कुरआनातली सर्वांत लांब आयत आहे. आपण तिची तिलावत करतो आणि भावाकडून कागद मागायला लाजतो.

कागदावर काय लिहिलंय, तेही वाचावं लागतं. निकाहनाम्यातल्या मेहरचंच बघा. 'मुअज्जल' शब्द 'ऐन'ने लिहिला तर मेहर मागताक्षणी देय, 'वाव-हमजा'ने लिहिला तर पुढे कधी तरी. देवनागरीत उतरवला की दोन्ही सारखेच दिसतात. एका अक्षरावर बाईचे पैसे अवलंबून असतात, आणि सही करताना ते अक्षर कोणी बघत नाही.

फुफीचं हक्कसोड पत्र मी वाचलं. त्यात लिहिलं होतं, 'स्वखुशीने व विनामोबदला'. दरमहा द्यायच्या पैशांचा एक शब्दही नाही. मी तिला खरं तेच सांगितलं. तोंडी करारही कायद्याने करार असू शकतो. तुझ्याकडे दोन वर्षांच्या बँकेच्या नोंदी आहेत, त्या घेऊन वकिलाला भेट, आणि लवकर भेट, कारण थकबाकीच्या दाव्याला मुदत असते. पण तुझ्याच सहीचा 'विनामोबदला' तुझ्या आड येणार.

ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, 'भावाला कोर्टात कसं खेचू? माहेर तुटेल.' मी पुढे काही बोलले नाही. पण माहेर तुटेल ही भीती तिलाच होती, पैसे थांबवणाऱ्या भावाला नव्हती, हे काही केल्या माझ्या डोक्यातून जात नाही.

हुसैनी बेगमच्या बापाने १८७७ मध्ये, लग्नाच्या गडबडीत, व्याह्याकडून कागद लिहून घेतला. त्याने लग्न मोडलं नाही, कोणाचा अपमान झाला नाही. एकोणीस वर्षांनी लेक घराबाहेर पडली, तेव्हा तोच कागद तिच्या कामी आला. कुरआनने लेकीला वाटा दिला आहे, तो सोडायचा की ठेवायचा हे तिने ठरवावं. सोडायचाच असेल, तर बदल्यात कबूल केलेली रक्कम, तारीख आणि देणाऱ्याचं नाव त्याच कागदात आलं पाहिजे.

फुफीच्या धाकट्या मुलीचं लग्न येत्या शव्वालमध्ये आहे. निकाहनामा आधी मला दाखवा, असं मी सांगून ठेवलंय.