डोंगराआडची शांतता

आमचं घर शहापूरचं. लहानपणी अब्बा संध्याकाळी ट्रान्झिस्टर घेऊन ओट्यावर यायचे आणि खरखर थांबेपर्यंत एरियल फिरवत राहायचे. मुरबाड, टोकावडे करत माळशेज घाट चढून मी प्रथम नारायणगावजवळच्या खोडदला गेलो, तेव्हा शेतांमध्ये उभ्या ४५ मीटर व्यासाच्या जाळीदार तबकड्या पाहून मला अब्बाच आठवले.

प्रा. गोविंद स्वरूप आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी ३० तबकड्यांची ही रेडिओ दुर्बीण १९९०च्या दशकात उभारली. आकाशातून येणाऱ्या अतिक्षीण लहरी ती ऐकते. म्हणून जागा निवडली ती शहरी गोंगाटापासून दूर, डोंगरांच्या आडोशाची. जे डोंगर आमच्या मोबाइलची रेंज घालवतात, ते तिथं कामाला आले!

पण डोक्यावरून जाणाऱ्याला डोंगर कसा अडवणार? १ नोव्हेंबर १९९८ला ‘इरिडियम’ची उपग्रह-फोन सेवा सुरू झाली, तिचं भारतातलं भूकेंद्र पुण्याजवळ दिघीला होतं. छत्तीस हजार किलोमीटरवरचा उपग्रह आपल्याला एका जागी स्थिर दिसतो. इरिडियमचे ६६ उपग्रह मात्र जेमतेम ७८० किलोमीटरवरून धावतात. एक दहाएक मिनिटांत मावळतो, तोवर चालू संभाषण दुसऱ्याकडे सोपवावं लागतं. त्यांचे फोन १६१६ मेगाहर्ट्झच्या वर बोलतात आणि लगतच, १६१२ला, ताऱ्यांभोवतीच्या हायड्रॉक्सिल रेणूंची लहर असते. शेजारच्या खोलीतला आवाज भिंतीतून यावा, तसा त्रास जगभरच्या खगोलशास्त्रज्ञांना झाला. खोडदची दुर्बीण १४५० मेगाहर्ट्झच्या आसपासपर्यंतच ऐकते, म्हणून ती त्या वेळी बचावली. ऑगस्ट १९९९मध्ये कंपनीचं दिवाळं निघालं, पण पुढं नव्या मालकांनी सेवा पुन्हा सुरू केली.

२०२३मध्ये वेगळीच गोष्ट कळली. नेदरलँड्समधल्या ‘लोफार’ दुर्बिणीला स्टारलिंकच्या उपग्रहांकडून ११० ते १८८ मेगाहर्ट्झमध्ये लहरी येताना आढळल्या. त्या कुणी मुद्दाम सोडलेल्या नव्हत्या. उपग्रहातल्या विद्युत-यंत्रणेतूनच त्या झिरपत होत्या. खोडदही १५० मेगाहर्ट्झच्या आसपास ऐकतं.

२०२५मध्ये स्टारलिंकला भारतात परवाना मिळाला. रात्री साप चावला तर फोनसाठी टेकडी चढावी लागते, असे पाडे मी पाहिले आहेत. तिथं ही सेवा मला हवीच. पण अमेरिकेत ग्रीन बँकच्या दुर्बिणीवरून जाताना उपग्रहांनी आपला झोत बाजूला वळवण्याच्या चाचण्या झाल्या आहेत. खोडदसाठी तशी सोय आणि झिरपणाऱ्या लहरींवर मर्यादा, या दोन्ही अटी सेवा गावोगाव पोचण्याआधीच घातलेल्या बऱ्या.