न जुळणाऱ्या दोन शब्दांची कुळकथा

'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' १९७४ साली अमेरिकेत निघाला तो चारचौघांनी जमून खेळायचा खेळ म्हणून. एकाने डन्जन मास्टर होऊन जग उभं करायचं, बाकीच्यांनी त्यात वावरायचं. पण गडीच जमले नाहीत तर? १९७५च्या वसंतात 'द स्ट्रॅटेजिक रिव्ह्यू'च्या पहिल्याच अंकात या खेळाच्या कर्त्यांपैकी एक असलेल्या गॅरी गायगॅक्सने तोडगा छापला. फासे टाका, तक्ता बघा. भुयार कुठे वळतं, दाराआड कोण बसलंय ते कळेल. १९७९च्या 'डन्जन मास्टर्स गाइड'मध्ये असे तक्ते वाढून परिशिष्टात आले. मधे १९७६ साली रिक लूमिसचं 'बफेलो कॅसल' येऊन गेलं: 'टनेल्स अँड ट्रोल्स' या खेळासाठी लिहिलेलं, परिच्छेदांवरून उड्या मारत एकट्याने खेळायचं साहस.

गायगॅक्सच्या तक्त्यांतून वस्तू मिळत. खोली, सापळा, राक्षस. पण कधी एकमेकांच्या जिवावर उठावेत असे दोन प्राणी शेजारशेजारच्या खोल्यांत निघाले, की खेळणाऱ्याच्या मनात प्रश्न उठणारच: हे इथे नांदतात कसे? माझ्या मते अन्वयार्थाचं बी या प्रश्नात आहे.

ते रुजलं २००३ साली, टॅना पिजन यांच्या 'मिथिक' या खेळात. तिथे आधी हो-नाहीचा कौल घ्यायचा. मधेच अवचित घटना उपटली, तर दोन याद्यांतून एकेक शब्द काढायचा: एक क्रिया, एक विषय. प्रत्येक यादीत शंभर नोंदी, म्हणजे दहा हजार जोड्या. यादीतल्या शब्दांना ना एकमेकांची ओळख, ना तुमच्या गोष्टीची. शॉन टॉमकिनच्या 'आयर्नस्वॉर्न'ने २०१८ मध्ये हीच जोडी क्रिया आणि आशय या नावांनी घेतली, आणि त्याची पीडीएफ फुकट असल्याने ती पुष्कळांच्या हाती गेली.

समजा, तुमचा वाटसरू गढीच्या दाराशी उभा आहे. दार भरदिवसा बंद का, असं तुम्ही विचारता. शब्द येतात 'दुरुस्त करणे' आणि 'लग्न'. पहिला मोह होतो फासे पुन्हा टाकायचा. तो आवरावा. दुरुस्ती म्हटलं की सुतार-गवंडी आठवतात. पण मोडलेली सोयरीकही दुरुस्त होते. आत दोन वैरी घराणी बोलणी करत असतील, आणि तोवर परक्याला मज्जाव असेल. एवढ्यावरही थांबू नये. काल विहिरीवर पाणी देणारी, नाव सांगायला कचरणारी मुलगी आठवावी. ती नवरी असेल तर कालचा प्रसंगही बदलतो, आणि दार उघडावं की नाही हा वाटसरूचा स्वतःचा पेच होतो. न जुळणारे शब्द गोष्टीत आधीच असलेल्या माणसाशी जोडले, की असा अर्थ फुटतो. 'दार' आणि 'पहारा' असे सरळ शब्द आले असते, तर आपण मनात योजलेलंच परत मिळालं असतं.

काही केल्या अर्थ लागला नाही, तर 'आयर्नस्वॉर्न' आकडे उलटे वाचायची मुभा देतो: २७ आले तर ७२ बघा, नाहीतर शेजारची ओळ घ्या. 'मिथिक'च्या २०२३च्या दुसऱ्या आवृत्तीत पात्रं, ठिकाणं, वस्तू असे विषयवार तक्तेही आहेत. त्यांनी नेम चांगला साधतो, घाईत उपयोगही होतो. तरी गोष्ट अडली की मी आधी त्या जुन्या, विषयाशी देणंघेणं नसलेल्या जोडीकडेच वळतो.