स्ट्रीमिंग सेवांवरील उपलब्धता-सूचना

स्ट्रीमिंग सेवांवरील उपलब्धता-सूचना म्हणजे इंटरनेटद्वारे चित्रपट व मालिका दाखवणाऱ्या सेवेने आपल्या संग्रहात येणाऱ्या अथवा संग्रहातून जाणाऱ्या कार्यक्रमांविषयी प्रेक्षकांना दिलेली माहिती होय. नव्या कार्यक्रमांची माहिती जाहिरातींतून ठळकपणे दिली जाते. काढल्या जाणाऱ्या कार्यक्रमांची सूचना मात्र अनेकदा त्या कार्यक्रमाच्या पानापुरतीच मर्यादित राहते.

पार्श्वभूमी

वर्गणीदार कार्यक्रमाची प्रत विकत घेत नाही. वर्गणी चालू असेपर्यंत आणि सेवेकडे हक्क असेपर्यंत त्याला तो पाहण्याची मुभा असते. इतरांनी निर्मिलेल्या कार्यक्रमांचे प्रसारणहक्क सेवा सहसा ठराविक मुदतीसाठी आणि ठराविक देशांपुरते घेतात. कराराचे नूतनीकरण न झाल्यास कार्यक्रम संग्रहातून जातो. त्यामुळे एकाच सेवेचा संग्रह आणि त्यातील बदलांच्या तारखा देशानुसार वेगळ्या असू शकतात.

सूचनेचे प्रकार

नेटफ्लिक्सवर मुदत संपत आलेल्या कार्यक्रमाच्या तपशिलात तो पाहण्याच्या शेवटच्या दिवसाची तारीख दिसते. आगामी कार्यक्रमांसाठी आठवण करून देण्याची सोयही तेथे आहे. एप्रिल २०१९ मध्ये सुरू झालेली ‘क्रायटेरियन चॅनेल’ ही सेवा महिनाअखेरीस जाणारे चित्रपट एका स्वतंत्र विभागात एकत्र मांडते. ‘मुबी’ या सेवेवर पूर्वी रोज एक नवा चित्रपट येत असे व तो ३० दिवसांनी जात असे. तेथे मुदत हा सेवेच्या रचनेचाच भाग होता. २०२० मध्ये मुबीने त्याला कायम संग्रहाची जोड दिली.

उल्लेखनीय प्रसंग

डिसेंबर २०१८ मध्ये अमेरिकेतील नेटफ्लिक्सवर ‘फ्रेंड्स’ ही मालिका १ जानेवारी २०१९ पर्यंतच उपलब्ध असल्याची सूचना दिसू लागली. प्रेक्षकांनी समाजमाध्यमांवर तीव्र नाराजी व्यक्त केली. त्यानंतर मालिका २०१९ अखेरपर्यंत राहील, असे नेटफ्लिक्सने जाहीर केले. पुढे ती मे २०२० मध्ये सुरू झालेल्या एचबीओ मॅक्सकडे गेली.

ऑगस्ट २०२२ मध्ये एचबीओ मॅक्सने ३६ कार्यक्रम त्याच आठवड्यात काढले जातील असे जाहीर केले. त्यांत ‘इन्फिनिटी ट्रेन’ या मालिकेसह सेवेचे स्वतःचे कार्यक्रमही होते. मूळ निर्मिती सेवेवर कायम राहते, या समजाला त्यामुळे धक्का बसला.

भारतात डिस्ने प्लस हॉटस्टारने मार्च २०२३ मध्ये समाजमाध्यमांवरून कळवले की, ३१ मार्चपासून एचबीओचे कार्यक्रम त्यांच्याकडे उपलब्ध नसतील. त्यानंतर ते जिओसिनेमावर आले.

मर्यादा

शेवटची तारीख ही त्या वेळच्या करारानुसार दिलेली असते. नवा करार झाल्यास ती बदलू शकते. तारीख केवळ कार्यक्रमाच्या पानावर असल्यास, ते पान न उघडणाऱ्या प्रेक्षकापर्यंत सूचना पोहोचत नाही. नेटफ्लिक्ससारख्या सेवेवर उपकरणात उतरवून ठेवलेला भागही हक्क संपल्यावर पाहता येत नाही. डीव्हीडी अथवा अन्य विक्रीयोग्य स्वरूपात न निघालेली निर्मिती सेवेवरून काढल्यास, ती दुसरीकडे उपलब्ध होईपर्यंत प्रेक्षकाला वैध मार्गाने पाहता येत नाही. अशा निर्मितीच्या बाबतीत वेळेवर मिळालेली सूचना हीच ती पाहण्याची अखेरची संधी ठरू शकते.