किल्ल्यावरील मातीच्या चित्रांचे रंगकाम : सातारा-सांगली परिसरातील बंधकद्रव्यांचा इतिहास (सरसापासून ॲक्रिलिकपर्यंत)

प्रस्तावना

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांचा इतिहास परस्परांपासून वेगळा काढणे अवघड आहे. १९४९ साली ‘दक्षिण सातारा’ म्हणून अस्तित्वात आलेला जिल्हा १९६० मध्ये ‘सांगली’ या नावाने ओळखला जाऊ लागला. त्यापूर्वीही औंध, सांगली, मिरज या संस्थानांच्या सरहद्दी या प्रदेशात एकमेकींत गुंतलेल्या होत्या. अजिंक्यतारा, प्रतापगड, सज्जनगड, वासोटा, मच्छिंद्रगड, भूपाळगड ही नावे येथील शाळकरी मुलांच्या परिचयाची आहेत. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांच्या लष्करी स्थापत्याची साक्ष देणाऱ्या बारा किल्ल्यांचा समावेश झाला, त्यांत सातारा जिल्ह्यातील प्रतापगडही आहे. किल्ल्यांविषयी विपुल लेखन झाले असले, तरी दिवाळीत अंगणाअंगणात उभ्या राहणाऱ्या त्यांच्या प्रतिकृतींकडे अभ्यासकांचे लक्ष क्वचितच गेलेले दिसते. प्रतिकृतींविषयी जे थोडेफार लिहिले जाते, त्यात रंगाचा उल्लेख ‘मग रंग द्यावा’ एवढ्यावरच संपतो.

वस्तुतः रंग म्हणजे केवळ रंगीत भुकटी नव्हे. ती भुकटी पृष्ठभागावर धरून ठेवणारे बंधकद्रव्य हाच रंगाचा आत्मा होय. लाल, पिवळा, निळा हे वर्ण शेदीडशे वर्षांत फारसे बदललेले नाहीत. बदलले आहे ते बंधक. सरस गेला, फेव्हिकॉल आला आणि नंतर ॲक्रिलिक आले. या बदलाबरोबर प्रतिकृतीचे आयुष्य, रंगवणाऱ्याचे कौशल्य आणि रंगाचे पाण्याशी असलेले नाते या तिन्ही गोष्टी पालटल्या. प्रस्तुत निबंधात या स्थित्यंतराचा मागोवा घेतला आहे. किल्ला बांधण्याच्या प्रथेचा उगम हा स्वतंत्र विषय असल्याने त्याचा येथे विचार केलेला नाही.

प्रमाणाचा प्रश्न

पाश्चात्त्य देशांत प्रतिकृतींचा छंद मोजमापाच्या शिस्तीवर उभा आहे. १९३९ मध्ये इंग्लंडमध्ये स्थापन झालेल्या एअरफिक्ससारख्या कंपन्यांनी प्लॅस्टिकच्या विमानांसाठी १:७२ हे प्रमाण रूढ केले. सहा फूट उंचीचा माणूस त्यात बरोबर एक इंचाचा होतो. दिवाळीच्या किल्ल्याला ही शिस्त मान्य नाही. अजिंक्यतारा सातारा शहरापासून ढोबळमानाने ३०० मीटर उंच आहे. अंगणात तो एक मीटर उंचीचा बांधला, तर प्रमाण १:३०० होते आणि त्या हिशेबाने मावळ्याची उंची सहा मिलिमीटरही भरत नाही. प्रत्यक्षात बाजारातून आणलेला मावळा चार इंचांचा, म्हणजे सुमारे १:१७ प्रमाणाचा असतो. दरवाजातून तो आत जाऊ शकत नाही आणि बुरुजावर उभा केला तर बुरुजच त्याच्यापुढे ठेंगणा दिसतो. सिंहासनावरील महाराज तर सर्वांत मोठे असतात.

ही चूक नव्हे. ज्याचे महत्त्व अधिक त्याचा आकार मोठा, हा भारतीय चित्रपरंपरेतील जुनाच संकेत येथे पाळला जातो. रंगकामाच्या दृष्टीने मात्र या विषमतेचा एक ठोस परिणाम होतो. किल्ल्याच्या डोंगराला दगड, विटा, पोते व चिखल यांवर गेरूचा वा चुन्याचा एखादा हात पुरतो आणि हिरवळ तर पेरलेल्या अळिवाची वा मोहरीचीच असते. कुंचल्याचे खरे काम असते ते मावळे, तोफा, गवळण, भाजीवाली या मातीच्या आकृत्यांवर. बोलीत त्यांना ‘चित्रे’ म्हणतात. आकृतीला चित्र म्हणणारी ही बोली रंगालाच प्राधान्य देते, हे लक्षणीय आहे.

मातीच्या रंगीत आकृत्यांची कला महाराष्ट्राला नवी नाही. एकोणिसाव्या शतकात पुण्याच्या कारागिरांनी केलेल्या अशा आकृत्या लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमपर्यंत पोहोचल्या. मुंबईत १८७२ मध्ये खुल्या झालेल्या आणि पुढे डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव मिळालेल्या संग्रहालयात विविध समाज व व्यवसाय दाखवणाऱ्या छोट्या प्रतिकृती आहेत. तेथे पगडीची घडी, वस्त्राचा काठ आणि हत्यारांची मूठ कुंचल्याने नेमकी दाखवलेली दिसते. दिवाळीच्या बाजारातील मावळा त्याच कुळातला, परंतु गरीब घरातला.

सरस, डिंक आणि खळ

घरगुती रंगाचे साहित्य परिसरातूनच मिळे. तांबड्यासाठी गेरू, पिवळ्यासाठी पिवडी, पांढऱ्यासाठी खडूची पूड वा चुना, काळ्यासाठी काजळी आणि निळ्यासाठी कपड्यांची नीळ. ऐपत असल्यास हिंगूळ आणि दागिन्यांसाठी बेगड. ही भुकटी मातीवर नुसती फासली, तर हात लावताच निघून येते. म्हणून तीत बाभळीचा वा धावड्याचा डिंक, जनावरांच्या कातड्या-हाडांपासून काढलेला सरस किंवा चिंचोक्याची खळ मिसळली जाई. सावंतवाडीच्या गंजिफांच्या पानांनाही चिंचोक्याची खळ व खडू यांचेच अस्तर दिले जाते. तेथे त्यावर लाखेचे रोगण चढते, म्हणून पाने टिकतात. किल्ल्यावरील चित्रांना हा मान क्वचितच मिळाला.

सरसाचे काम दिसते तितके सोपे नाही. तो रात्रभर भिजवून, पाण्याच्या भांड्यात ठेवून मंद आचेवर वितळवावा लागतो. थेट उकळला तर त्याची चिकटण्याची शक्ती कमी होते. थंड झाला तर गोठतो आणि कुंचला ओढला जात नाही. प्रमाण अधिक झाले की वाळताना रंगाला तडे जाऊन पापुद्रे सुटतात, कमी झाले की रंग बोटाला लागतो. दमट हवेत त्याला बुरशी धरते, हे कृष्णाकाठच्या पावसाळ्यात विशेष जाणवे. हे प्रमाण वजनकाट्यावर ठरत नसे. बोटांच्या चिमटीत थेंब धरून, तार किती सुटते ते पाहून ठरे. असे ज्ञान हाताकडून हाताकडे जाते. कागदावर ते सहसा उतरत नाही आणि म्हणूनच एका पिढीत नाहीसे होऊ शकते.

सरसाच्या रंगाचा एक गुण मात्र पुढील विवेचनासाठी महत्त्वाचा आहे. वाळल्यानंतरही तो पाण्याने पुन्हा सुटतो. ओल्या फडक्याने जुना रंग उतरवावा आणि पुढच्या वर्षी नवा द्यावा, हे त्यामुळे शक्य होते. मात्र आकृती भाजलेली असली पाहिजे. कच्च्या मातीची असेल, तर रंगाबरोबर तीही विरघळते.

येथे एक विषयांतर क्षम्य ठरावे. आज सांगली जिल्ह्यात असलेली किर्लोस्करवाडी १९१० मध्ये औंध संस्थानच्या भूमीवर उभी राहिली. तिचे संस्थापक लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकण्यास गेले होते, परंतु रंगांधळेपणामुळे त्यांना रंग सोडून यांत्रिक रेखनाकडे वळावे लागले. त्यांना जागा देणारे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते. त्यांनी १९३८ मध्ये औंधला उभारलेल्या संग्रहालयामुळे खेड्यापाड्यांतील माणसालाही राजा रविवर्म्याचे तैलचित्र जवळून पाहता आले. तेलाचा, चकाकणारा, पाण्याने न सुटणारा रंग कसा असतो हे या भागातील सामान्य प्रेक्षकाला दाखवण्यात या संग्रहालयाचा वाटा मोठा मानावा लागेल.

मधला टप्पा : भुकटी आणि फेव्हिकॉल

सरसापासून थेट ॲक्रिलिककडे उडी पडली, असे समजणे चुकीचे ठरेल. मधला टप्पा दीर्घ आहे आणि तोच सर्वाधिक उपेक्षित आहे. १९३१ मध्ये दांडेकर बंधूंनी शाईच्या व्यवसायाने आरंभ केलेल्या कॅम्लिनचे रंग पुढे शाळाशाळांत पोहोचले. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांमुळे पोस्टर कलरची बाटली व गोल कुंचला मध्यमवर्गीय घरांत शिरला. १९५९ मध्ये स्थापन झालेल्या पिडिलाइटने फेव्हिकॉल बाजारात आणले. सुतारांना सरस शिजवण्याच्या कटकटीतून सोडवणे हा त्याच्या प्रसाराचा मुख्य मार्ग होता. सुताराच्या हातून सरसाचे भांडे सुटले, तसे ते रंगवणाऱ्याच्या हातूनही सुटले.

भुकटी रंगात पाणी आणि थोडे फेव्हिकॉल घालून वापरण्याची युक्ती कोणत्याही पाठ्यपुस्तकाने शिकवली नाही. तथापि रसायनशास्त्राच्या दृष्टीने ती अचूक आहे. फेव्हिकॉल हे पॉलिव्हिनाइल ॲसिटेटचे पाण्यातील पायस असते. पाणी उडून गेले की कृत्रिम रेझिनचे कण जुळून पापुद्रा बनतो. ॲक्रिलिक रंगाची कार्यपद्धती नेमकी हीच आहे, फक्त रेझिन वेगळे. विदेशी कंपन्या ‘मीडियम’ म्हणून बाटलीत विकतात ती कल्पना येथील रंगवणाऱ्याच्या वाटीत आधीच तयार होती. या युक्तीत दोषही होते. फेव्हिकॉल अधिक पडले की चेहऱ्यावर नको असलेली चमक येई, पापुद्रा ओलाव्याने मऊ पडे आणि धुवायचा राहिलेला कुंचला दुसऱ्या दिवशी काडीसारखा कडक होई. टिकाऊपणासाठी काहींनी दाराखिडक्यांचा ऑइलपेंट वापरला. तो टिकला खरा, पण त्याच्या जाड थरात मावळ्याच्या मिशा बुजल्या.

ॲक्रिलिक आणि त्यातील पूरकद्रव्ये

अमेरिकेतील रोम अँड हास कंपनीने १९५३ मध्ये पाण्यात मिसळणारे ॲक्रिलिक पायस घरांच्या रंगासाठी आणले आणि त्याच दशकात चित्रकारांसाठीही असे रंग निघाले. भारतीय कंपन्यांचे ॲक्रिलिक रंग तालुक्याच्या गावातील स्टेशनरीच्या दुकानांत मिळू लागले, तेव्हा किल्ल्यावरील चित्रांच्या रंगकामाचे गणितच बदलले. रंग शिजवावा लागत नाही, नासत नाही, तासाभरात वाळतो आणि मातीवर, प्लॅस्टरवर, लाकडावर सारखाच बसतो.

परंतु हा वेगच त्याची अडचण आहे. पावसाळा सरल्यावरच्या कोरड्या, तापलेल्या हवेत रंग कुंचल्यावरच वाळू लागतो आणि पृष्ठभागावर कुंचल्याच्या रेघा उमटतात. त्यावर उपाय म्हणून पूरकद्रव्ये वापरली जातात. वाळण्याचा वेग कमी करणाऱ्या द्रव्यात सामान्यतः ग्लायकॉल असते. प्रमाण अधिक झाले तर रंग कित्येक दिवस चिकट राहतो. प्रवाह सुधारणारे द्रव्य पाण्याचा पृष्ठताण कमी करते, त्यामुळे रंग नुसत्या पाण्याने फिका न करताही पातळ हाताने पसरतो. नुसते पाणी अतिरिक्त घातले तर बंधक विरळ होऊन पापुद्रा दुबळा पडतो, ही बाब नवशिक्यांच्या ध्यानात येत नाही. चमक मारणाऱ्या मॅट द्रव्यात प्रकाश विखुरणारे सूक्ष्म कण असतात. चेहरा आणि वस्त्र यांसाठी ते विशेष उपयोगी पडते. एका जाड हातापेक्षा तीन पातळ हात बरे, हा नियम सरसाच्या काळीही होता आणि आजही आहे.

तटबंदीच्या दगडांसाठी दोन पद्धती उपयुक्त ठरतात. गडद रंग पातळ करून सोडला की तो सांध्यांत उतरून दगड वेगळे दिसतात. मग जवळजवळ कोरड्या कुंचल्याने फिका रंग वरवर फिरवला की कडा उठतात. विदेशी छंदिष्ट आणखी पुढे जाऊन लहान प्रतिकृतीचा रंग मुद्दाम फिका ठेवतात, कारण दूरच्या वस्तूचा रंग हवेमुळे मंदावतो. दिवाळीच्या किल्ल्याला हा नियम लावण्यात अर्थ नाही. तो पणतीच्या उजेडात, उभ्याने पाहिला जातो. तेथे भगवा भगवाच हवा.

पाण्याचा प्रश्न

ॲक्रिलिकच्या बाटलीवर ‘पाण्यात मिसळणारा’ असे लिहिलेले असते आणि त्यातून तो निर्धोक असल्याचा समज पसरतो. मिसळणे आणि वाळल्यावर पुन्हा सुटणे या दोन भिन्न गोष्टी होत. वाळलेले ॲक्रिलिक हे प्लॅस्टिक आहे; त्याचा पापुद्रा पाण्यात तरंगतो वा तुटतो, पण विरघळत नाही. सरसाचा रंग मातीबरोबर मातीत जाई. ॲक्रिलिकने रंगवलेली कच्च्या मातीची आकृती पाण्यात टाकली, तर माती जाते आणि रंगाचे कवच उरते.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मूर्ती-विसर्जनाविषयी २०१० मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या आणि मे २०२० मध्ये त्या सुधारल्या. त्यांचा रोख प्लॅस्टर ऑफ पॅरिसवर, तसेच विषारी व न विरघळणाऱ्या रंगांवर आहे. चर्चा मात्र प्लॅस्टरचीच अधिक झाली. रंगाच्या बंधकाकडे लक्ष कमी गेले. वास्तविक या परिसराला पर्यायांची परंपरा आहे. सांगली संस्थानच्या गणेशोत्सवात चतुर्थीपूर्वी बसणारा ‘चोर गणपती’ कागदाच्या लगद्याचा असतो. लगद्याला धरून ठेवणारी खळ आणि रंगाला धरून ठेवणारी खळ ही एकाच घरातील ज्ञानाची दोन रूपे आहेत.

किल्ल्यावरील चित्रांचे विसर्जन होत नाही, त्यामुळे त्यांचा प्रश्न निराळा आहे. पूर्वी ती बहुधा हंगामापुरतीच टिकत. आता दिवाळी संपली की किल्ल्याची माती कुंड्यांत वा परसात जाते आणि चित्रे वर्तमानपत्रात गुंडाळून खोक्यात, माळ्यावर. पुढच्या आश्विनात खोके उघडते, उडालेल्या कपच्यांवर नवा हात चढतो. जुना थर उतरवता येत नाही, म्हणून नवा त्यावरच बसतो. तीनचार दिवाळ्यांनंतर मावळ्याच्या पगडीची घडी भरून येते आणि डोळ्यांची आखणी दर वर्षी थोडी वर सरकते. घरातील वडीलधारे सरसाचा रंग असता तर तो ओल्या फडक्याने पुसून घ्यायला सांगते. आता मुले थोरल्या भावंडांनी दिलेल्या रंगावरच आपला रंग देतात.