प्राचीन इजिप्तमधील मृतांचा योगक्षेम

बडोदे आणि हैदराबाद येथील वस्तुसंग्रहालयांत प्राचीन इजिप्तमधील एकेक ममी ठेवलेली आहे, हे त्या नगरांतील आमच्या वाचकांस ठाऊक असेलच. काचेआड निजलेला तो शुष्क देह पाहून बाहेर पडणारा मनुष्य बहुधा असा समज करून घेतो की, हे लोक देहाला विलक्षण चिकटलेले होते आणि मेलेले शरीर टिकविणे हाच त्यांचा परलोकधर्म होता. हा समज अपुरा आहे. देह टिकविणे ही त्यांच्या परलोकव्यवस्थेची पूर्वतयारी होती. तिच्यापुढचा प्रश्न अधिक बिकट होता : मेलेल्या माणसाला उद्या अन्न कोण देणार, पुढच्या वर्षी कोण देणार, आणि शंभर वर्षांनी कोण देणार? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी त्या समाजाने जे जे केले, त्याचा थोडक्यात परामर्श आम्ही येथे घेणार आहो.

इजिप्तमधील अतिप्राचीन लोक मृतास वाळवंटाच्या कडेला उथळ खड्ड्यात, गुडघे पोटाशी घेऊन, पुरीत असत. तप्त कोरडी वाळू देहातील ओलावा शोषून घेई व शरीर पुष्कळसे टिकून राही. गेबेलेन येथे सापडलेले, इ. स. पू. ३४०० च्या सुमाराचे असे देह लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. इटलीतील ट्युरिन येथील तशाच एका प्राचीन देहाची रासायनिक तपासणी २०१८ साली प्रसिद्ध झाली, तीत राळ व तेल यांचा लेप आढळला. तेव्हा वाळूच्या जोडीला मनुष्याची विद्याही फार लवकर आली होती, असे म्हणावे लागते.

देह राखावयाचा तो कशासाठी? त्यांच्या मते मनुष्य अनेक घटकांचा बनलेला होता. ‘का’ ही त्याची जीवनशक्ती. तिला मृत्यूनंतरही अन्नपाणी लागे. ‘बा’ हे मनुष्यमुखी पक्ष्याच्या रूपाने दिवसा बाहेर हिंडे आणि रात्री देहाकडे परते. परतण्यास देहच नसेल तर ते निराधार होई. याखेरीज छाया हा एक घटक आणि नाव हा एक घटक. नाव हे केवळ ओळखीचे साधन न मानता ते मनुष्याचे अंगच मानले होते. म्हणून शत्रूचे नाव शिलालेखातून खरडून काढणे म्हणजे त्याला परलोकातही ठार करणे होय. हे सारे घटक सुखरूप एकत्र आले म्हणजे मृत ‘आख’, म्हणजे तेजोमय आत्मा, होत असे.

ग्रीक इतिहासकार हेरोडोटस याने इ. स. पू. पाचव्या शतकात या विद्येचे वर्णन लिहून ठेवले आहे. ऐपतीप्रमाणे तिचे तीन प्रकार असत. उत्तम प्रकारात मेंदू नाकावाटे काढीत, कुशीला छेद देऊन आतडी व इतर अवयव बाहेर घेत आणि देह नेट्रॉन नावाच्या क्षारात वाळवीत. यकृत, फुप्फुसे, जठर व आतडी ही चार पात्रांत ठेवून होरस देवाच्या चार पुत्रांच्या स्वाधीन करीत. हृदय मात्र देहातच राहू देत, कारण बुद्धीचे व सदसद्विवेकाचे स्थान तेच, अशी त्यांची श्रद्धा होती. या सर्व विधीस सामान्यतः ७० दिवस लागत.

नंतर प्रेतयात्रा निघे. सूर्य मावळतो ती पश्चिम ही मृतांची दिशा, म्हणून शवपेटिका नावेतून नाईलच्या पश्चिम तीरावर नेण्याची रीत बहुतेक ठिकाणी होती. थडग्याच्या दाराशी ममी उभी करून ‘मुखोद्घाटन’ नावाचा विधी होई. बिबट्याचे कातडे पांघरलेला पुरोहित तासणीसारख्या हत्याराने मृताच्या मुखास स्पर्श करी, म्हणजे त्याला पुन्हा खाता, बोलता व श्वास घेता येई. हा अधिकार तत्त्वतः पुत्राचा होता. ओसायरिस देवाला त्याचा भाऊ सेत याने मारले, पत्नी आयसिस हिने त्याला सावरले आणि पुत्र होरस याने पित्याचा वारसा राखला, ही त्यांची मूळ कथा. प्रत्येक मृत हा ओसायरिस आणि त्याचे उत्तरकार्य करणारा हा होरस. तुतनखामेन या राजाच्या, १९२२ साली उघडकीस आलेल्या थडग्यात त्याच्यानंतर गादीवर आलेला आय हाच हा विधी करताना चित्रित केला आहे. आय हा त्याचा पुत्र नव्हता. पण जो क्रियेला उभा राहील तोच वारस, हा अर्थ त्या चित्रातून स्पष्ट होतो.

परलोकाच्या वाटेवर न्यायसभा भरे. ताजव्याच्या एका पारड्यात मृताचे हृदय आणि दुसऱ्यात ‘मात’चे पीस. मात म्हणजे सत्य, न्याय आणि विश्वाची सुव्यवस्था. आमच्याकडील ‘ऋत’ या वैदिक कल्पनेची येथे सहज आठवण व्हावी. अनुबिस तोल पाही, थोथ नोंद करी, आणि ४२ देवतांपुढे मृत आपण अमुक पाप केले नाही, तमुक केले नाही असे एकेक करून सांगे. हृदय जड ठरले तर ते मगरमुखी अम्मित गिळून टाकी. हा न्याय मृताने एकट्याने तोंड देऊन पार पाडावयाचा होता. त्यानंतरचा निर्वाह मात्र त्याच्या हाती नव्हता. तो जिवंतांच्या हाती होता.

अन्न पोहोचविण्याची त्यांची पद्धत आमच्या देवस्थानांशी संबंध असलेल्या वाचकांस ओळखीची वाटेल. देवळात देवापुढे मांडलेले नैवेद्याचे अन्न पुढे थडग्यातील अगर देवळातील मृतांच्या मूर्तींपुढे नेत आणि शेवटी पुरोहित व सेवेकरी ते वाटून घेत. थेबेस नगरीत दर वर्षी उन्हाळ्यात, अमावास्येच्या सुमारास, ‘दरीचा सुंदर उत्सव’ होई. कर्नाकच्या मंदिरातील आमोन देवाची मूर्ती नौकेतून पश्चिम तीरावर नेत, आणि त्या निमित्ताने कुटुंबेच्या कुटुंबे फुले व खाद्यपेये घेऊन आपापल्या पूर्वजांच्या थडग्यांशी जमत. कोणी मृतांस पत्रेही लिहीत, आणि ती कित्येकदा अन्नाच्या वाडग्यावरच लिहिलेली असत, म्हणजे जेवता जेवता वाचली जावीत.

परंतु वंश खुंटला तर? किंवा मुलांनी आळस केला तर? या भयावर उपाय म्हणून श्रीमंतांनी मृतसेवेसाठी जमिनी लावून दिल्या. याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे इ. स. पू. विसाव्या शतकातील, पहिल्या सेनुस्रेत राजाच्या काळचा अस्यूतचा प्रांताधिपती हापजेफाय. याने स्थानिक देवळांच्या पुरोहितांशी व सेवकांशी दहा करार केले आणि ते सर्व आपल्या थडग्याच्या भिंतीवर कोरविले. कोणत्या दिवशी किती भाकरी व किती जवाचे मद्य आपल्या मूर्तीपुढे ठेवावे, वर्षारंभाच्या रात्री दिव्याच्या वाती कोणी पुरवाव्यात, हे सारे त्यांत आहे. मोबदला म्हणून त्याने देवळाच्या उत्पन्नातील आपले वडिलार्जित दिवस दिले, आणि ‘देवळाचा एक दिवस’ म्हणजे वर्षाचा ३६० वा हिस्सा, असा हिशेबही नमूद केला. हे धन अधिकारपदाचे नसून पित्याच्या घरचे आहे, हेही त्याने बजावून ठेवले. कारण पदाचे धन पुढचा अधिकारी परत घेईल. ‘का’च्या पुरोहिताला दिलेली इस्टेट त्याच्या एकाच मुलाकडे जावी, तिची वाटणी होऊ नये, अशीही अट होती. इनाम, वतन आणि देवस्थानाची पाळी यांचे व्यवहार ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना चार हजार वर्षांपूर्वीच्या या गृहस्थाचे कायद्याचे शहाणपण निराळे समजावून सांगावयास नको.

आणि तरीही ते शहाणपण तोकडे पडले. हापजेफायचा एक पुतळा आणि त्याची पत्नी सेन्नुवी हिची सुंदर मूर्ती १९१३ साली सापडली ती अस्यूतमध्ये नव्हे, तर दूर दक्षिणेस, सुदानातील केर्मा येथे, एका परक्या राजाच्या समाधीत. देश दुर्बल झाला तेव्हा कोणीतरी त्या उचलून नेल्या होत्या. राजांची गतही वेगळी झाली नाही. नवव्या रामेसेसच्या काळातील, इ. स. पू. बाराव्या शतकाच्या अखेरीच्या, खटल्यांचे कागद उपलब्ध आहेत. त्यांत एका पाथरवटाने राजाराणीच्या ममींवरील सोने काढून शवपेटिका जाळल्याचा कबुलीजबाब आहे. शेवटी पुरोहितांनीच अनेक राजांचे देह दैर-अल-बहरीजवळच्या एका गुप्त विवरात लपविले. ते १८८१ साली बाहेर आले.

ही नश्वरता खुद्द इजिप्तच्या लोकांना दिसत नव्हती असे नाही. थडग्यांच्या भिंती ढासळल्या, परलोकातून परत कोणी आले नाही, तेव्हा आजचा दिवस सुखात घालवा, असे सांगणारे वीणावादकाचे गीत त्यांच्याच थडग्यांत कोरलेले आहे. एका लेखकाने तर असे लिहून ठेवले की, जुन्या ज्ञात्यांचे मृतसेवक गेले, थडगी विस्मृत झाली, पण त्यांचे ग्रंथ वाचले जातात म्हणून त्यांची नावे उच्चारली जातात. त्याच दिशेने जाणारा आणखी एक साधा उपाय सामान्यांनीही स्वीकारला होता. थडग्याच्या दर्शनी भागी ते येणाऱ्याजाणाऱ्यास उद्देशून विनवणी कोरीत. तिचा आशय असा : जिवंत लोकहो, तुमच्याजवळ देण्यास अन्न नसेल तर निदान आमचे नाव घ्या आणि आम्हांस हजार भाकरी, हजार घागरी मद्य मिळो, असे तोंडाने म्हणा, यात तुमचे काही खर्ची पडत नाही, तो नुसता मुखातील श्वास आहे. उच्चारलेल्या शब्दानेच मृताची तृप्ती होते, ही त्यामागची श्रद्धा.

येथे आमच्या श्राद्धविधीची तुलना मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु ती जपून करावयास हवी. अन्नदान, पुत्राचा अधिकार आणि नामोच्चार एवढे साम्य दिसते, म्हणून एकाने दुसऱ्यापासून ते घेतले असे ठरत नाही. भेद तर मुळाशीच आहे. आम्ही देह अग्नीस अर्पण करतो; त्यांना देहाचा नाश म्हणजे सर्वनाश वाटे. आम्ही तर्पणात पिता, पितामह व प्रपितामह यांची नावे घेतो आणि त्यांच्यामागचे पूर्वज पितृगणात मिसळले असे मानून त्यांचा निरोप घेतो. इजिप्तच्या मनुष्याला असे मिसळून जाणे मान्य नव्हते. अनंतकाल आपण आपल्या नावानिशी उरावे, ही त्याची आकांक्षा होती. पुढील पिढ्यांवर किती भार टाकावा, याविषयी दोन समाजांनी दिलेली ही दोन उत्तरे आहेत. तीन पिढ्यांची मर्यादा घालणाऱ्या आमच्या पूर्वजांनी मनुष्याच्या स्मरणशक्तीची मर्यादाही ओळखली होती, असे आम्हांस वाटते.

इजिप्तचा जुना धर्म मावळला तेव्हा त्याची लिपीही मुकी झाली. त्या चित्रलिपीतील शेवटचा ज्ञात लेख फिली बेटावरील मंदिरात इ. स. ३९४ मध्ये कोरला गेला. त्यानंतर चौदाशेहून अधिक वर्षे भिंतीवरील ती विनवणी वाचू शकणारे कोणीही उरले नव्हते. १८२२ साली फ्रेंच पंडित शांपोलियाँ याने लिपीची गुरुकिल्ली जाहीर केली, आणि हापजेफाय, सेन्नुवी व त्यांच्यासारखी हजारो नावे पुन्हा माणसांच्या तोंडी आली. त्यांच्या जमिनी कोणाच्या झाल्या ते आज सांगता येत नाही. वाती कधीच विझल्या. ज्या उपायाला काहीच खर्च नव्हता, तो मात्र फळास आला. देवळाला अगर घराण्याला नित्यक्रम लावून देणाऱ्या प्रत्येकाने विचार करावा अशी ही गोष्ट आहे : दानपत्र लिहून ठेवणे चांगलेच, परंतु ते वाचण्याची आस्था पुढच्या पिढीत असेल तरच त्याचा उपयोग.